एका इंजिनाच्या मृत्यूचे दोन दाखले

यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादकांनी माझ्याकडे बालकांच्या आहाराविषयी लेख मागितला होता. त्यांची क्षमा मागून मी मोटारीच्या इंजिनाविषयी लिहीत आहे. बालरोगतज्ज्ञाने यंत्रशास्त्रात नाक खुपसणे कुणाला विषयांतर वाटेल; परंतु हा विषय फिरून फिरून शेवटी आपल्याच दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहतो, असे वाचकांना आढळून येईल.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यातील गोष्ट. रात्री अडीचच्या सुमारास खानवेलकडून दूरध्वनी आला. प्रसूती अवघड झाली होती, बाळ रडले नव्हते. मी तत्काळ निघालो. पाऊस संध्याकाळीच थांबला होता. रस्ता ओला होता, पण कुठेही पाणी साचलेले नव्हते. सिल्वासा मागे टाकून आठ-दहा किलोमीटर गेलो असेन, तोच इंजिनातून कुणी हातोडीने ठोकावे तसा आवाज येऊ लागला, समोर तेलाचा लाल दिवा लागला आणि मोटार रस्त्याच्या कडेला लावीपर्यंत इंजिन बंद पडले. ते पुन्हा फिरले नाही. रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या एका कारखाना-कामगाराने मला आपल्या मोटारसायकलवर बसवून पोहोचविले. तोपर्यंत तेथील परिचारिकेने पिशवी आणि मास्कच्या साहाय्याने बाळाचा श्वास चालू ठेवला होता. बाळ वाचले, आज ते अंगणवाडीत जाते. त्याचे श्रेय त्या परिचारिकेचे आणि त्या अनोळखी तरुणाचे आहे. माझे नाही, आणि माझ्या मोटारीचे तर नाहीच.

मोटार सव्वादोन वर्षांची होती. हमी पाच वर्षांची होती. सर्व सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी आणि ठरलेल्या किलोमीटरला केलेले होते. म्हणून मी निश्चिंत होतो. मोटार ओढून सर्व्हिस सेंटरला नेली, समोर आलेल्या जॉब कार्डावर न वाचता सही केली आणि दवाखान्यात परतलो. रुग्णाच्या नातेवाइकांनी संमतिपत्रावर न वाचता सही करू नये, असे मी गेली पंचवीस वर्षे सांगत आलो आहे.

सहा दिवसांनी निरोप आला. इंजिन खोलले आहे, आत पाणी शिरल्याच्या खुणा आहेत, सबब ही बाह्य कारणाने झालेली हानी असून हमीत बसत नाही. दुरुस्तीचा अंदाज जवळजवळ तीन लाखांचा होता. ‘डॉक्टरसाहेब, तुम्ही पाण्यातून गाडी काढली असेल, तुमच्या लक्षात नसेल,’ असे तो सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर तरुण अत्यंत आदराने म्हणाला. पाणी म्हटल्यावर मी विमा कंपनीकडे गेलो. त्यांचा सर्वेअर आला, त्याने खोललेले इंजिन पाहिले आणि लिहून दिले की पाण्याची कोणतीही खूण आढळत नाही. हा अंतर्गत यांत्रिक बिघाड आहे, सबब विम्यात बसत नाही.

एकाच इंजिनाच्या मृत्यूचे दोन दाखले माझ्या हाती आले. एकात कारण बाहेरचे, दुसऱ्यात आतले. दोन्ही दाखले देणारे तज्ज्ञ होते, आणि दोघांच्याही निदानाचा परिणाम एकच होता. ज्याने निदान केले त्याला पैसे द्यावे लागणार नव्हते.

आपण मृत्यूच्या कारणाचा फॉर्म ४ भरतो. तात्कालिक कारण कोणते, त्यामागचे कारण कोणते, याची उतरंड लावतो. त्या कारणावरून आपल्याला काही देणे लागणार असते, तर आपण तो फॉर्म कसा भरला असता, हा प्रश्न त्या दिवशी प्रथमच माझ्या मनात आला. निदान करणारा आणि त्या निदानाची किंमत मोजणारा एकच असेल, तर त्या निदानाला निदान म्हणता येत नाही. तो बचाव असतो. सामान्य मोटारमालकाच्या हमीविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ मला येथे दिसते.

माझा अनुभव एकट्याचा नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरात असंख्य मोटारी बुडाल्या, आणि त्यानंतर अनेक मुंबईकरांनी इंजिनाचे एक नवे दुखणे ऐकले. सिलिंडरमध्ये हवेच्या जागी पाणी शिरले तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. अशा वेळी किल्ली फिरवली की कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. पूर ही नैसर्गिक आपत्ती, म्हणून मालक विमा कंपनीकडे गेले. बुडालेली मोटार सुरू करण्याचा प्रयत्न तुम्ही केलात, त्यामुळे ही पुराची नव्हे तर परिणामी झालेली हानी, असे उत्तर अनेकांना मिळाले. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत परिणामी हानी आणि यांत्रिक बिघाड ही दोन्ही वगळलेली असतात. पुढे विमा कंपन्यांनी जादा हप्ता घेऊन इंजिनासाठी वेगळे संरक्षण देण्यास सुरुवात केली. दमणगंगेच्या काठी राहणाऱ्या आपल्या मंडळींनी ते घेतले आहे की नाही, हे आज घरी गेल्यावर पॉलिसी काढून पाहावे.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सर्व्हिस सेंटरवाल्यांना खोटे बोलणारे ग्राहक रोज भेटतात. तेल न बदलता वर्षभर मोटार हाकणारे, गुडघाभर पाण्यातून ती काढून नंतर नाकबूल करणारे, भेसळीचे इंधन भरणारे मालक असतात, हे मी कसे नाकारू? ‘ताप कालच आला’ असे सांगणारे आणि खिशात पाच दिवसांपूर्वीची दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी ठेवणारे पालक मी रोज पाहतो. म्हणूनच त्या तरुणाच्या स्वरातील अविश्वास मला ओळखीचा वाटला. ‘तुमच्या लक्षात नसेल’ हे वाक्य मी स्वतः किती मातांना ऐकविले आहे! ‘उशिरा आणलंत’, ‘औषध नीट दिलं नसेल’, ‘बाहेरचं काही खायला घातलं असेल’. यांपैकी निम्मी विधाने खरी असतील. उरलेल्या निम्म्यांनी काय वाटले असेल, हे मला पन्नाशी उलटल्यावर, दुसऱ्याच्या काउंटरपलीकडे उभे राहून कळले.

१३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात वैद्यकीय सेवेला ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणले. आपल्यापैकी जे तेव्हा निवासी डॉक्टर होते त्यांना तो संताप आठवत असेल. रुग्णाला ग्राहक म्हणणे हा आपल्याला व्यवसायाचा अपमान वाटला होता. मीही तेव्हा तावातावाने बोललो होतो. मोटारीच्या निमित्ताने तोच कायदा मी प्रथम शेवटपर्यंत वाचला आणि तो आपल्याविरुद्ध नसून अज्ञानाच्या बाजूने उभा आहे, हे लक्षात आले. ज्याच्याकडे ज्ञान आहे, अवजारे आहेत आणि कागद आहेत, त्याच्यासमोर यांपैकी काहीही नसलेला माणूस उभा राहतो, तेव्हा तराजू समतोल कसा करायचा, एवढाच त्या कायद्याचा प्रश्न आहे.

न्यायालयांनी मोटारींच्या बाबतीत हा तराजू कसा धरला, तेही पाहण्यासारखे आहे. २००६ मध्ये मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हमीत सदोष भाग बदलून देण्याचेच वचन असेल, तर दुरुस्त होण्याजोग्या दोषासाठी संपूर्ण मोटार बदलून मागता येणार नाही. ते न्याय्यच आहे. मूत्रपिंड बिघडले म्हणून कुणी नवे शरीर मागत नाही. २०१० मध्ये फियाटच्या प्रकरणात इंजिनाच्या आवाजाची तक्रार होती. तेथे न्यायालयाने निर्णय ना ग्राहकाच्या शब्दावर सोडला, ना कंपनीच्या. स्वतंत्र तंत्रज्ञाने तपासावे, आणि त्याला मूळ निर्मितीतच दोष आढळला तर मोटारीची किंमत व्याजासह परत करावी, असा तो आदेश होता. मला हवे होते ते हेच.

गोव्यातील एका ग्राहकाला २०११ मध्ये नवी म्हणून विकलेली मोटार २००९ ची, आधीच चाललेली आणि खाली गंजलेली निघाली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्या कंपनीला मोकळे केले आणि जबाबदारी विक्रेत्यावर ठेवली, कारण त्या दोघांचे नाते धनी आणि मुनीम असे नसून दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे होते. शोरूमवर पाटी कंपनीची असली तरी आपला करार कोणाशी आहे, हे सही करण्यापूर्वी पाहावे, हा त्यातला धडा. आपल्यापैकी अनेकांची मोटार रुग्णालयाच्या किंवा कंपनीच्या नावावर असते. धंद्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसत नाही, म्हणून अशा मालकांना आरंभीच अडविले जाते. परंतु २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीने आपल्या संचालकाच्या वापरासाठी घेतलेल्या मोटारीच्या बाबतीत ती कंपनी ग्राहकच आहे, असे मानले.

आणि सर्वांत मूलगामी निर्णय न्यायालयाचा नव्हे, तर भारतीय स्पर्धा आयोगाचा आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची उपकरणे या कंपन्या बाहेरच्या कारागिरांना मिळू देत नाहीत, असा ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करता येणार नाही, असेही आयोगाने बजावले. प्रकरण पुढे अपिलांत गेले. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. दिशा योग्य आहे. परंतु त्या रात्री माझ्या मोटारीच्या संगणकात तेलाच्या दाबाची जी नोंद झाली असेल, ती मी लेखी मागूनही मला पाहायला मिळाली नाही, हेही खरे आहे.

येथे मला आपल्या लसीच्या कुपीची आठवण होते. कुपीवरचा तो छोटा चौकोन, व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर, आपण सर्वांनी हजारो वेळा पाहिला आहे. १९९६ पासून तो पोलिओच्या लसीवर आला. कुपीला जितकी उष्णता लागते तितका आतला चौकोन गडद होत जातो. तो बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की लस टाकून द्यायची. कारखानदार म्हणतो मी थंड पाठविली, वाहतूकदार म्हणतो मी थंड नेली, आरोग्य केंद्र म्हणते आम्ही थंड ठेवली. चौकोन वाद घालत नाही. विशेष म्हणजे तो वाचायला तज्ज्ञ लागत नाही. पाड्यावरच्या आशा कार्यकर्तीलाही तो तितकाच वाचता येतो जितका मला. दोन्ही पक्षांना सारखाच वाचता येणारा साक्षीदार म्हणतात तो हाच.

लसीकरणानंतर बालकाला गंभीर त्रास झाला, तर आपण आधी आईला दोष देत नाही. कुपी जपून ठेवतो, तिचा बॅच क्रमांक लिहितो, घटना वर कळवितो, आणि चौकशी लस टोचणाऱ्याखेरीज इतरांकडून होते. बहुतेक वेळा लस निर्दोष ठरते. तरीही नोंद करायचीच, कारण एका बालकाचा त्रास हा योगायोग असेल, पण दहा गावांतील दहा नोंदी एकत्र आल्या तर तो इशारा असतो. मोटारींच्या बाबतीतही २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन सदोष वाहने परत बोलाविण्याचा अधिकार सरकारला मिळाला आहे. परंतु तक्रारी नोंदल्याच गेल्या नाहीत तर सरकार परत काय बोलाविणार?

आता मी माझ्या कथेच्या त्या भागाकडे येतो, जो सांगण्यास मला संकोच वाटतो. एका अभियांत्रिकी प्राध्यापक स्नेह्यांनी येऊन माझे इंजिन पाहिले. बेअरिंगवरच्या खुणा तेल न पोहोचल्याच्या दिसतात, कनेक्टिंग रॉड सरळ आहेत, पाण्याने हे होत नाही, असे त्यांनी सांगितले. पण सारे भाग धुऊन ठेवलेले होते. जुने तेल टाकून दिले होते, ऑइल फिल्टर सापडत नव्हता. ‘पुरावाच नसताना मी शपथेवर काय सांगू?’ असे ते म्हणाले. शवविच्छेदनापूर्वी शवाला स्नान घातले गेले होते, आणि त्या स्नानाला संमती देणाऱ्या कागदावर माझीच सही होती.

तरीही मी नोटीस पाठविली. दोन आठवड्यांत कंपनीकडून प्रस्ताव आला. चूक मान्य नाही, परंतु सद्भावना म्हणून निम्मा खर्च कंपनी सोसेल. आपण कोठेही पुढील तक्रार करणार नाही असे लिहून द्यावे. पावसाळा चालू होता, ओपीडी भरलेली होती, रात्रीचे फोन थांबत नव्हते. मी लिहून दिले.

त्या दिवशी मी दीड लाख रुपये वाचविले आणि एक नोंद पुसली. त्याच बनावटीची मोटार दुसऱ्या कुणाची, कदाचित दुसऱ्या एखाद्या डॉक्टरची, अशाच रात्री थांबली असेल, तर त्याला ‘असे कधी झालेले नाही’ हेच उत्तर मिळाले असेल. आणि ते उत्तर खरे ठरविण्यात माझ्या सहीचा वाटा आहे. लसीच्या दुष्परिणामाची नोंद एखाद्या डॉक्टरने पैसे घेऊन दडविली असती, तर आपण त्याला काय म्हटले असते?

म्हणून स्वतःच्या चुकांतून शिकलेल्या चार गोष्टी येथे नोंदवितो. जॉब कार्ड वाचूनच सही करावी, आणि ‘माझ्या उपस्थितीशिवाय इंजिन खोलू नये, काढलेले भाग, तेल व फिल्टर जपून ठेवावेत’ असे त्यावर आपल्या हाताने लिहावे. खोलताना छायाचित्रे घ्यावीत. हमी नाकारली तर कारण लेखी मागावे. तोंडी नकार हा नकार नव्हे. आणि जिल्हा आयोगाचा बाऊ करू नये. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो तेथेच, कारण घडल्यापासून दोन वर्षांत, तक्रार करता येते. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगाकडेच जाते, आणि दहा ते वीस लाखांच्या मोटारीसाठी शुल्क केवळ ४०० रुपये आहे. दोष तपासणीवाचून कळण्याजोगा नसेल, तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठविण्याचा अधिकार आयोगाला आहे. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. निदान नोंद तरी राहील.

परंतु केवळ मोटारवाल्यांना उपदेश करून हा लेख संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. रुग्णाने मागितल्यास त्याची कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत, असा नियम आपल्या वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. आपल्यापैकी किती जण ती हसतमुखाने देतात? कागद मागणारा पालक आपल्याला भांडखोर वाटतो. त्या सर्व्हिस सेंटरला मीही तसाच वाटलो होतो. गेल्या तीन वर्षांपासून माझ्या दवाखान्यात केसपेपरची प्रत न मागता दिली जाते. त्याने माझे नुकसान झाले नाही. उलट, भांडणे कमी झाली.

शेवटी एक स्थानिक आठवण. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात उतरलेल्या मराठी तरुणांत सुधीर फडके होते आणि बिंदुमाधव जोशीही होते. त्याच बिंदुमाधवांनी पुढे १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, आणि बाबूजीही त्या चळवळीत त्यांच्यासोबत उभे राहिले. या भूमीवर परक्या सत्तेविरुद्ध उभे राहिलेल्या माणसांना वीस वर्षांनी वजन, माप आणि पावती यांचा प्रश्न लढण्याजोगा वाटला. आपण येथे येऊन स्थिरावलो, घरे बांधली, मोटारी घेतल्या. पावती मागणे मात्र आपल्याला अजून कमीपणाचे वाटते.

मोटार आता नीट चालते. रात्री खानवेलचा फोन आला की मी किल्ली उचलतो आणि निघतो. त्या वळणावर मात्र दर वेळी नजर आपोआप तेलाच्या दिव्याकडे जाते, आणि मी केलेली ती सही आठवते.